घर एक, नकाशे अनेक

जुना वाडा उतरवून त्या जागीं नवें घर बांधावें, असा विचार आपल्या करवीरांत पुष्कळ घराण्यांतून चाललेला दिसतो. चुलत्या-पुतण्यांचें एकमत होऊन गोष्ट नकाशापर्यंत येते आणि तेथें अडते. थोरल्यांना मधला चौक हवा असतो, धाकट्यांना त्याच जागीं ऐसपैस दिवाणखाना. पूर्वीं अशा वेळीं दोन निराळे नकाशे काढीत, आणि एकांतील दुरुस्ती दुसऱ्यांत करावयाची राहिली कीं घोटाळा होई. हल्लीं संगणकावर सबंध इमारतीची प्रतिकृतीच उभी करतात. ऑटोडेस्क कंपनीच्या 'रेव्हिट' नामक प्रणालींत तर 'डिझाइन ऑप्शन' अशी सोयच आहे. तिचें मर्म नकाशा काढणाऱ्याप्रमाणेंच घरधन्यानेंही समजून घ्यावें, असें आम्हांस वाटतें.

घराचा जो भाग ठरला, तो मूळ प्रतिकृतींत राहतो. ज्याविषयीं मतभेद आहे, त्याचा एक संच करतात. त्यांत चौक हा एक विकल्प, दिवाणखाना हा दुसरा. त्यांपैकीं एक मुख्य मानावा लागतो, आणि नेहमींचे नकाशे व मोजमापांचे तक्ते त्या मुख्य विकल्पालाच धरून निघतात. दुसरा पाहावयाचा तर तसें मुद्दाम सांगावें लागतें. म्हणून खिडक्या किती, फरशी किती, हें ऐकतांना "हा हिशेब कोणत्या विकल्पाचा ?" असें विचारण्यास संकोच करूं नये.

आमच्यासारख्या संस्कृतावर वाढलेल्या माणसास येथें मीमांसा आठवते. पुरोडाश तांदुळाचा करावा किंवा यवांचा. दोन्हीं विधि प्रमाण. परंतु एकदां तांदूळ घेतल्यावर त्या प्रयोगांत यव मिसळतां येत नाहींत. रेव्हिटचा दंडकही असाच आहे : दार ज्या भिंतींत बसावयाचें, त्या भिंतीच्याच विकल्पांत तें असलें पाहिजे. मीमांसकांनीं विकल्पास आठ दोष लाविले असून, गत्यंतर नसेल तेव्हांच तो पत्करावा असें सांगितलें आहे. जिन्याचे तीन प्रकार, देवघराचे तीन आणि स्वयंपाकघराचे तीन म्हटले कीं सत्तावीस घरें होतात. इतकीं घरें डोळ्यांपुढें ठेवून निवड कोण करणार ?

त्याहून महत्त्वाची गोष्ट मजल्यांच्या पातळ्यांची. त्या विकल्पांत ठेवतां येत नाहींत. सर्व विकल्पांना मिळून एकच पातळी. म्हणजे जोत्याची उंची आधीं ठरली पाहिजे, आणि कोल्हापुरांत ही बाब क्षुल्लक नव्हे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा-पातळी ३९ फूट आणि धोका-पातळी ४३ फूट धरतात. २०१९ च्या ऑगस्टांत व २०२१ च्या जुलैंत नदी त्याहून पुष्कळ वर चढली, हें शाहूपुरी-नागाळा पार्काकडील मंडळींस सांगावयास नको. नदीच्या फुटांवरून मात्र आपलें जोतें ठरत नाहीं. आपल्या भिंतीवर पाणी कोठवर आलें होतें, तें मोजून द्यावें.

आमच्या परिचयाच्या एका घरांत चौक कीं दिवाणखाना, यावर दोन महिने घालविले. जोतें जुन्याच उंचीवर धरलें होतें. शेवटीं घरांतील वृद्ध काकूंनीं विचारलें, "अरे, पाणी आलें तर माझी खाट कोठें हलवाल ?" जोतें तीन फूट उचललें. सहा इंचांच्या सहा पायऱ्या वाढल्या, आणि काकूंसाठीं उतार हवा झाला. उतारास बारा फुटांमागें एक फूट चढ धरतात, म्हणजे छत्तीस फूट लांबी ! ती घराच्या कडेनें काढतां काढतां दिवाणखान्याची रुंदी गेली, आणि धाकट्यांचा आग्रह आपोआप सैल पडला. दोन महिन्यांत तयार झालेले दोन्हीं विकल्प मात्र पुन्हा बेतावे लागले.

निवड झाली कीं 'ॲक्सेप्ट प्रायमरी' ही आज्ञा देतात. त्यासरशी मुख्य विकल्प मूळ प्रतिकृतींत विलीन होतो आणि त्या संचांतील बाकीचे पुसले जातात. ही आज्ञा घरांतील सर्व कर्तीं माणसें, विशेषतः स्वयंपाकघर जिच्या हातीं ती गृहिणी, समोर असतांनाच द्यावयास सांगावी. आणि तत्पूर्वीं सबंध फाइलीची एक प्रत निराळी काढून ठेववावी. त्या घरांत चौक राहिला. दिवाणखान्याची प्रत धाकट्या भावानें आपल्यापाशीं मागून घेतली आहे.