हिरवी खूण आणि पाणबुड्याची बुडी

गेल्या काही महिन्यांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला पैशाचा प्रश्न एकच आहे: ‘ऑइल इंडिया हलाल आहे का?’ त्याखालोखाल ओएनजीसी. विचारणारे मोमिनपुऱ्यातले दुकानदार असतात, जाफरनगरातले शिक्षक असतात, मिहानमधले माझे सहकारी असतात. मी आलिम नाही आणि सेबीकडे नोंदलेला सल्लागारही नाही. सॉफ्टवेअर लिहितो, शेअर बाजाराच्या ॲपमध्ये कुठलं बटण काय करतं ते समजतं, एवढ्या भांडवलावर लोक मला विचारतात. कोणता शेअर घ्यावा आणि कोणता विकावा हे मी या लेखात सांगणार नाही. माझी तक्रार त्या प्रश्नाबद्दलच आहे. तो अर्धाच विचारला जातो.

प्रश्नाचा उगम अंदमानच्या समुद्रात आहे. जून २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी तिथे गयानाच्या तोडीचा तेलसाठा सापडू शकतो अशी शक्यता बोलून दाखवली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी ऑइल इंडियाच्या ‘श्री विजयपुरम-२’ या विहिरीत नैसर्गिक वायू आढळल्याचं जाहीर झालं. किनाऱ्यापासून सुमारे १७ किलोमीटर, पाण्याची खोली २९५ मीटर, विहिरीची ठरलेली खोली २६५० मीटर, वायूच्या नमुन्यात ८७ टक्के मिथेन. बातमी खरी आहे आणि आनंदाची आहे. मात्र साठा किती मोठा आणि तो काढणं परवडेल का, हे पुढच्या काळात तपासायचं आहे, असंही त्याच घोषणेत होतं. व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत पोचताना नेमकं हेच वाक्य गळलं. उरलं ते ‘भारताचा गयाना’ आणि खाली शेअरचं नाव. गयानात २०१५ मध्ये तेल सापडलं, उत्पादन सुरू झालं डिसेंबर २०१९ मध्ये, आणि त्याआधी तिथल्या समुद्रात कित्येक दशकं विहिरी कोरड्या गेल्या होत्या, हेही कुणी फॉरवर्ड केलं नाही.

आपल्याकडे समुद्र म्हटलं की तेल निघणारच, हा विश्वास मुंबई हायने दिला. फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राटने तिथे तेल शोधलं आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. पण ते उथळ पाणी होतं आणि जोखीम सरकारी तिजोरीची होती. ओएनजीसीचा शेअर तेव्हा बाजारात नव्हताच. लहान गुंतवणूकदाराने खोल समुद्रावर पैसे लावले की काय होतं, याचा आपला खरा धडा पुढचा आहे, आणि तो आपण विसरलो आहोत.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यात, बंगालच्या उपसागराच्या खोल पाण्यात, रिलायन्सला २००२ मध्ये वायू सापडला. २००५ मध्ये अंबानी बंधू वेगळे झाले आणि अनिल अंबानी यांच्या वाट्याला आरएनआरएल नावाची कंपनी आली. या कंपनीकडे ना विहीर होती, ना जहाज. तिच्याकडे एक हक्क होता: कृष्णा-गोदावरीच्या वायूपैकी दिवसाला २ कोटी ८० लाख घनमीटर, १७ वर्षं, प्रति युनिट २.३४ डॉलर दराने. हा हक्क टिकला तर सोनं, नाही टिकला तर कागद. २००७ मध्ये सरकारने त्या वायूसाठी ४.२० डॉलर दर मान्य केला आणि प्रकरण कोर्टात लढत राहिलं. जानेवारी २००८ च्या तेजीत हा शेअर दोनशेच्या वर गेला होता. जून २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आरएनआरएलच्या बाजूने लागला, तेव्हा पुन्हा उधाण आलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मुलं या शेअरवर बोलायची, आणि त्या बोलण्यात भूगर्भशास्त्र कधीच नसायचं. भाऊ समेट करतील का, आई मध्यस्थी करेल का, यावर पैसे लागत होते.

७ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वायूचा मालक देश आहे, दर सरकारच्या धोरणाने ठरेल, घरातला करार कंपन्यांना बांधत नाही. त्या एका दिवसात शेअर वीस टक्क्यांहून जास्त पडला. त्याच वर्षी आरएनआरएल रिलायन्स पॉवरमध्ये विलीन झाली, चार शेअरमागे एक. आणि रिलायन्स पॉवर २०२० मध्ये दोन रुपयांच्याही खाली आला.

आता वायूचं काय झालं ते पाहा. उत्पादन एप्रिल २००९ मध्ये सुरू झालं, म्हणजे शोधानंतर सात वर्षांनी. अंदाज दिवसाला ८ कोटी घनमीटरचा होता. २०१० मध्ये आकडा ७ कोटींच्या जवळ गेला आणि तिथून घसरत २०१३ मध्ये २ कोटींच्याही खाली आला. धीरूभाई-१ आणि ३ ही मूळ क्षेत्रं फेब्रुवारी २०२० मध्ये बंदच झाली. म्हणजे कोर्टात हक्क टिकला असता तरी ज्या वायूवर तो हक्क होता तो वाळूखाली त्या प्रमाणात हाती येणारच नव्हता. देशातल्या मोठमोठ्या अभियंत्यांचा अंदाज इथे चुकला. इतवारीत ब्रोकरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला काय दिसणार होतं?

आता हिरव्या खुणेकडे येतो. शरिया तपासणी करणारी ॲप काय करतात ते मी माझ्या धंद्यामुळे सहज सांगू शकतो. आत फार काही नसतं. कंपनीचा व्यवसाय दारू, जुगार, व्याज, डुकराचं मांस यांत मोडतो का, कर्जाचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेत आहे का, व्याजाचं उत्पन्न थोडं आहे का. तीन-चार अटी, दोन-तीन भागाकार, शेवटी हिरवं किंवा लाल. तेल काढणं हा व्यवसाय म्हणून वैध आहे, त्यामुळे पहिली अट तेल कंपनी सहज पार करते.

दुसऱ्या अटीत एक गंमत आहे. कर्ज कशाने भागायचं? काही मापदंड एकूण मालमत्तेने भागतात, काही शेअरच्या बाजारमूल्याने. बाजारमूल्याने भागलं तर शेअरचा फुगा जितका मोठा तितकं कर्जाचं प्रमाण लहान दिसतं. चेन्नईच्या अबान ऑफशोअरचं उदाहरण घ्या. ती समुद्रात विहिरी खोदून देणारी कंपनी. कर्ज काढून तिने नॉर्वेची सिनव्हेस्ट ही कंपनी विकत घेतली. जानेवारी २००८ मध्ये तिचा शेअर पाच हजारांच्या वर होता. मे २०१० मध्ये तिची ‘अबान पर्ल’ ही रिग व्हेनेझुएलाच्या समुद्रात बुडाली. सुदैवाने माणसं वाचली. कर्ज मात्र तरंगत राहिलं आणि पुढच्या दशकात शेअर शंभराच्या खाली गेला. कर्जाला मर्यादा घालणारा नियम किती शहाणा आहे हे इथे दिसतं, आणि तोच नियम तेजीच्या ऐन भरात कसा आंधळा होऊ शकतो हेही दिसतं.

पण माझा मुख्य मुद्दा याच्याही पलीकडचा आहे. हिरवी खूण कंपनीची परीक्षा घेते. घेणाऱ्याच्या कृतीची परीक्षा ती घेत नाही, घेऊ शकत नाही.

जुन्या फिक्हग्रंथांत गररची, म्हणजे ज्यात नेमकं काय विकलं जातंय तेच अनिश्चित आहे अशा सौद्याची, उदाहरणं येतात. पाण्यातला मासा, हवेतला पक्षी आणि पाणबुड्याची पुढची बुडी. पाणबुड्या म्हणतो, मी आता एकदा बुडी मारतो, जे हाती लागेल ते तुझं, किंमत आधी मोज. मोती आला तर गिऱ्हाईक लुटून नेतो, रिकामी मूठ आली तर पाणबुड्या. हा सौदा फुकहांनी नाकारला. त्यांनी बुडी मारणं मात्र नाकारलं नाही. तेल सापडण्याआधी आखातातल्या अरबांची पिढ्यान्‌पिढ्यांची रोजीरोटी मोत्यांवरच होती. नावेत भागीदार होऊन हंगामभराच्या नफ्यातोट्यात वाटा घेणं वेगळं आणि किनाऱ्यावर उभं राहून एका बुडीवर पैसे लावणं वेगळं.

जकातीच्या हिशेबात हा भेद आपण पाळतोच. शेअर विकून नफा कमावण्यासाठीच घेतला असेल तर तो व्यापाराचा माल, पूर्ण बाजारभावावर जकात. उत्पन्नासाठी धरून ठेवला असेल तर हिशेब वेगळा. शेअर तोच, नियत बदलली की हुकूम बदलतो. मग खरेदीच्या वेळी ही नियत कुणीच का विचारत नाही?

माझ्या एका मामेभावाचं मोबाइलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. अंदमानची बातमी आली त्या आठवड्यात त्याने तेल कंपनीचा शेअर घेतला. मी विचारलं, किती दिवसांसाठी? म्हणाला, “भाई, दस-पंधरा दिन. अगली खबर तक.” मी त्याचा मोबाइल मागून घेतला. खरेदी ‘एमटीएफ’मध्ये झाली होती. म्हणजे काही रक्कम त्याची, उरलेली ब्रोकरने उधार दिलेली, त्यावर दिवसाच्या हिशेबाने व्याज. बँकेच्या ठेवीवरचं व्याज घरात येऊ नये म्हणून आयुष्यभर चालू खात्यात पैसे ठेवणारा हा माणूस हलाल शेअर व्याजाच्या पैशाने घेऊन बसला होता. खूण हिरवीच होती. त्याचा युक्तिवाद मी टाळणार नाही: “रिस्क तो धंदे में भी है.” आहे ना. पण बर्डीवर कोणतं कव्हर खपतं, कोणता डिस्प्ले आठवड्यात परत येतो, हे त्याला त्याच्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त कळतं. २९५ मीटर पाण्याखाली काय आहे हे समोरच्या विकणाऱ्यापेक्षा त्याला जास्त कळतं, असं तोही म्हणणार नाही.

आणि तो तर निदान शेअर घेतो. त्याच्या वयाची पोरं ऑप्शन घेतात. ओआयसीच्या फिक्ह अकादमीने १९९२ च्या जेद्दा अधिवेशनात प्रचलित ऑप्शन सौदे नाजायज ठरवले होते, हे किती जणांना ठाऊक आहे? दीनचं बाजूला ठेवा, दुनियेचा हिशेब बघा. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार आधीच्या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांनी पैसे गमावले. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक, माणशी सरासरी सुमारे दोन लाख. पुढच्या वर्षी, २०२४-२५ मध्ये, ९१ टक्के. यातला मोठा भाग निर्देशांकांवरच्या सौद्यांचा आहे, तेलाचा नाही, हे मान्य. पण २०२२-२३ मध्ये साधे शेअर त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्यांतही दहापैकी सात तोट्यात होते. मुंबईचा मटका न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या भावावर सुरू झाला होता. कापूस पिकवणाऱ्या आपल्या विदर्भाला त्यातून काय मिळालं ते वेगळं सांगायला नको.

आपल्या घरांवर हा घाव जास्त खोल का बसतो, याचं कारण मात्र केवळ हाव नाही. व्याज टाळणाऱ्या कुटुंबाला बचत ठेवायला जागाच कमी आहेत. सोनं, प्लॉट, भिशी. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने व्याजमुक्त बँकिंगची शिफारस केली होती. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. मधल्या पोकळीत ‘हलाल’ हा शब्द विकणारे शिरले. बंगळुरूची आयएमए २०१९ मध्ये बुडाली तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांच्या ठेवी गेल्या, आणि तिथेही आधी सगळ्यांनी फक्त अर्धा प्रश्न विचारला होता. उमऱ्यासाठी साठवलेले पैसे, मुलीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे घेऊन माणूस अंदमानच्या विहिरीवर उभा राहतो, त्यामागे ही कोंडी आहे.

म्हणून मागणी दोन ठिकाणी करावीशी वाटते. आपल्या उलेमांनी शेअरचं नाव कानावर पडताच फतवा देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: किती दिवसांसाठी, कुणाच्या पैशाने, आणि गेले तर घरात काय अडेल. जुम्याच्या खुतब्यात वर्षातून एकदा जरी ‘एमटीएफ’ हा शब्द उच्चारला गेला तरी निम्मं काम होईल. दुसरी मागणी माझ्या बिरादरीकडे, ॲप बनवणाऱ्यांकडे. हिरव्या खुणेखाली एवढंच लिहा: ही तपासणी कंपनीची आहे, उधारीवर, ऑप्शनमध्ये किंवा एका दिवसाच्या सौद्यात घेतल्यास ती लागू नाही. हे काम एका दुपारचं आहे. अशा दोन ॲपना मी हे लिहून पाठवलं आहे. एकाकडून आभाराचा तयार संदेश आला, दुसऱ्याने मला त्यांच्या प्रीमियम योजनेचा दर कळवला.