तिरंदाज लेकीचा खांदा

कासा इथल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. मुलगी नववीत. शाळेतून तिरंदाजीसाठी निवड झाली, दोन वर्षं नेमानं सराव चालू आहे, जिल्ह्यापर्यंत खेळून आली. पण गेला महिनाभर तिचा डावा खांदा दुखतो आहे. हात वर नेला की आत काहीतरी ‘कट्’ वाजतं. विभागीय स्पर्धा तोंडावर आहेत, म्हणून ‘सरांना सांगू नकोस हं’ अशी आईला गळ घालते. वडील म्हणतात, पुरे झाला खेळ. आणि बाई विचारतात, मी ऐकू तरी कुणाचं?

तूर्त दोघांचंही नको. आधी खांदा काय म्हणतो ते बघू.

तुमच्यापैकी पुष्कळजणी म्हणतील, आमच्या घरी कुणी धनुष्य धरत नाही, आम्हांला काय त्याचं? पण हा खेळ आता आपल्या मुलींच्या फार जवळ आला आहे. साताऱ्याची अदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेती झाली, तेव्हा ती अवघी सतरा वर्षांची होती. अंतिम फेरीत १५० पैकी १४९ गुण! झारखंडच्या दीपिका कुमारीला डिसेंबर २०२२ मध्ये मुलगी झाली आणि २०२४ साली ती पॅरिसला आपलं चौथं ऑलिंपिक खेळली. बाळंतपणानंतर धनुष्य पुन्हा ओढायचं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. डहाणू-तलासरीकडे तर धनुष्य नवलाचं नाहीच, वारल्यांच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. नवा आहे तो रोजचा शंभर-शंभर बाणांचा सराव, आणि खांदा बिघडतो तो त्यानं.

खांदा हा उखळीचा सांधा, असं शाळेत शिकवतात. पण ही उखळ नावापुरतीच. मांडीच्या सांध्याची उखळ खोल असते, खांद्याची बशीइतकी उथळ. म्हणून तर हात चहूकडे फिरतो, मागे नेऊन वेणी घालता येते, वरच्या फळीवरचा डबा काढता येतो. त्याची किंमत अशी, की दंडाच्या हाडाचा गोळा त्या बशीत धरून ठेवायचं काम मुख्यतः स्नायूंना करावं लागतं. चार लहान स्नायू गोळ्याला चहूबाजूंनी धरतात. आणि ही बशी असते कशावर? पाठीवरच्या खवाट्यावर. तो खवाटाही बरगड्यांवर नुसता सरकत असतो, गळपट्टीच्या हाडाखेरीज त्याला हाडाचा आधार नाही. आता बशीच हलत असली, तर कप स्थिर कसा राहणार?

तिरंदाज उजव्या हातानं दोरी ओढते आणि डाव्या हातानं धनुष्य पुढं रेटून धरते. मोठ्या स्पर्धांतल्या बायकांचं धनुष्य पूर्ण ताणलं की सुमारे चाळीस पौंडांचा, म्हणजे अठराएक किलोंचा जोर लागतो. पात्रता फेरीत बाण ७२. गुणाकार करा, जवळजवळ १३०० किलो! हे नुसत्या दंडाच्या जोरावर होत नाही. जी मुलगी दंडानं खेळते ती विसाव्या बाणानंतर थकते, आणि थकली की डावा खांदा हळूहळू कानाकडे चढायला लागतो. गोळा वर सरकतो, वरच्या हाडाखाली स्नायूची दोरी चिमटली जाते. दुखणं बहुधा तिथलं. (नुसता आवाज होत असेल आणि दुखत नसेल, तर घाबरायचं कारण नाही.)

वारली चित्रातली माणसं तुम्ही पाहिली असतीलच. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सुवासिनींनी ती घरोघर जपली, कासा-डहाणूच्याच पट्ट्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून. वरच्या त्रिकोणाची रुंद बाजू म्हणजे खांदे, ते सरळ रेषेत आणि खालचं टोक कंबरेत. धनुष्य ओढलेल्या मुलीचं चित्र अगदी असं दिसलं पाहिजे. एक कोपरा वर चढला, की समजा पाठीचे स्नायू झोपलेत. ही गोष्ट पाहायला प्रशिक्षक लागत नाही. तुम्हीसुद्धा मागे उभं राहून पाहू शकता.

आता व्यायाम. सामान काही नको. पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणा, उभी कापा, चांगली धुवा. कुठं चिरली नाही ना, एवढं दर वेळी ओढून बघा. तुटून डोळ्यावर बसली तर नसता ताप.

पहिल्यांदा पाच मिनिटं हात गोल फिरवून अंग गरम करायचं. मग भिंतीशी हातभर अंतरावर उभं राहून तळवे खांद्याच्या उंचीवर टेकायचे. कोपर वाकवायचं नाही. छाती भिंतीकडे जाऊ द्यायची, म्हणजे दोन्ही खवाटे जवळ येतील, मग भिंतीला रेटून पाठ मागे न्यायची. हालचाल चार बोटांचीच, पण धनुष्याचा हात रेटून धरणारा स्नायू हाच. दहा-बारा वेळा, थोडं थांबून पुन्हा तितकंच.

ट्यूब खिडकीच्या गजाला कंबरेच्या उंचीवर पक्की बांधा. दोन्ही टोकं धरून कोपरं मागे न्यायची, दोन खवाट्यांमध्ये पेन्सिल धरल्यासारखं आवळायचं, तीन मोजायचं, सावकाश सोडायचं. सोडताना घाई नको, निम्मा फायदा सोडण्यात आहे. मग गजाला कुशीनं उभं राहायचं, काखेत टॉवेलची गुंडाळी, कोपर अंगाला चिकटलेलं आणि काटकोनात. गजापासून लांबच्या हातात ट्यूबचं टोक धरून हात पोटाकडून बाहेर उघडायचा, दार उघडतो तसा. गुंडाळी पडली की चुकलं. हा व्यायाम अगदी हलक्या ताणानं, बारा-पंधरा वेळा. गोळ्याला धरणाऱ्या त्या चार लहान स्नायूंपैकी हात बाहेर फिरवणारे त्यानं तयार होतात. मुली तो टाळतात, कारण त्यात ‘काही केल्यासारखं’ वाटत नाही. त्यासाठीच तुम्ही समोर बसा.

मग चटईवर पालथं पडून दोन्ही हात बाजूला पसरायचे, अंगठे छताकडे, आणि जमिनीपासून वीतभर उचलून पाच मोजायचं. आठ-दहा वेळा. जमायला लागलं की हात डोक्याच्या दिशेनं तिरपे पसरून तेच. मान वर करायची नाही, कपाळ हाताच्या घडीइतक्या टॉवेलवर टेकलेलं बरं.

शेवटी आरशासमोर ट्यूबचंच धनुष्य. बाण मारताना ओढतो तसं हनुवटीपर्यंत ओढून दहा मोजेपर्यंत धरायचं आणि डावा खांदा खालीच आहे ना, हे बघायचं. मग हात बदलून उलट्या बाजूनंही, नाहीतर वर्षानुवर्षं एकाच अंगानं खेळून पाठ वाकडी काम करते. खरं धनुष्य मात्र बाण न लावता ओढून सोडू देऊ नका. सगळा जोर धनुष्यातच जिरतो, ते मोडतं आणि लागतंही. धाकट्या भावंडांना हे आधी बजावा.

सगळं मिळून वीस मिनिटं. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. धनुष्य धरण्याआधी रोज करायचं ते फक्त हात फिरवणं आणि हलक्या ट्यूबचं.

खरा दोष पुष्कळदा धनुष्यातच असतो. शाळेत आहे ते, नाहीतर थोरल्या मुलीनं सोडलेलं, लहानीच्या हाती येतं. पारख सोपी. दोरी ओढताना बाण आभाळाकडे जात असेल, कंबर मागे वाकत असेल, किंवा ताणलेलं धनुष्य दहा मोजेपर्यंत थरथरल्याशिवाय धरता येत नसेल, तर ते तिला जड आहे. बांबूच्या धनुष्याचा जोर कमी करता येत नाही, दुसरं हलकं मागावं लागतं. जोडणीच्या धनुष्याच्या पात्या बदलता येतात. वाढवायचं तेव्हा एका वेळी दोन पौंडांहून अधिक नको. हे बोलणं सरांशी करायचं, आणि ते आईनं करायचं. मुलीला वाटतं, संघातून काढतील. चांगला प्रशिक्षक काढत नाही, बाण कमी करतो.

दुखण्याचं म्हणाल, तर व्यायामानंतर स्नायू अंबतात ते एक-दोन दिवसांत जातं. पण खांद्याच्या पुढच्या बाजूला सुईसारखी कळ, त्या कुशीवर झोपता न येणं, हात डोक्यावर न जाणं, बोटांना मुंग्या, यांतलं काहीही असेल तर धनुष्य खुंटीला टांगा आणि हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. वर सांगितलेले व्यायामसुद्धा त्यांना विचारूनच. मालीश करणाऱ्याकडून खांदा ‘बसवून’ घेऊ नका. गोळीनं कळ दाबून स्पर्धेला तर मुळीच पाठवू नका. पत्रातल्या मुलीची लक्षणं महिन्याची आहेत, तिला या आठवड्यातच न्यायला हवं. विभागीय स्पर्धा पुढच्या वर्षीही असतात.

डॉक्टरांनी परवानगी दिली की पुन्हा सुरुवात हलक्या धनुष्यानं, जवळच्या लक्ष्यावर, वीस-तीस बाणांची. गुण लिहायचे नाहीत. दोन दिवसांनी दुखलं नाही, तर दहा बाण वाढवायचे.

आणि एक घरचं. दप्तर एकाच खांद्याला अडकवून ती शाळेत जाते, संध्याकाळी बाण मारून येते, आल्यावर पाण्याच्या कळश्या तिच्याच. त्या दिवशी पाणी भावाला भरू द्या. वडिलांनी भरलं तरी चालेल, त्यांना खेळाची काळजी आहेच.

जाता जाता तुमच्यासाठी. चाळिशीनंतर पुष्कळजणींचा खांदा आखडतो, ब्लाऊजची मागची हुकं लावता येत नाहीत, मधुमेह असला तर हे अधिक. असं झालेलं असेल तर आधी डॉक्टर. नसेल झालं, तर गजाला दुसरी ट्यूब बांधा आणि लेकीबरोबर भिंतीचा व्यायाम आजच सुरू करा. तिला मोजायला कुणीतरी हवंच आहे.