वजन कोणाचे, वेळ कोणाची?

डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची आहारपद्धती महाराष्ट्रात घरोघर पोचली. दिवसातून दोनदाच, प्रत्येकी 55 मिनिटांच्या आत जेवावे आणि पाऊण तास चालावे, हा तिचा मंत्र. मार्गदर्शन मोबाइलवरील गटांतून, तेही विनामूल्य. सल्ल्याचाही बाजार मांडला जात असताना हे निःसंशय स्वागतार्ह आहे.

परंतु सल्ला फुकट मिळाला तरी वेळ फुकट मिळत नाही. पाचोऱ्याहून पहाटेच्या गाडीने जळगावच्या कारखान्यात जाणाऱ्याच्या जेवणाची वेळ तो नव्हे, त्याची पाळी ठरविते. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. बारा तास राबलेल्याला 'चालायला जा' असे कोणत्या तोंडाने सांगावे?

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 24 टक्के अतिवजनाच्या वा स्थूल, तर सुमारे 19 टक्के कृश आढळल्या. दोन्ही दुखणी एकाच व्यवस्थेची आहेत. शेतमजूर बाई दोनदाच जेवते, ती कोणाच्या सल्ल्याने नव्हे.

लठ्ठपणा म्हणजे आळसाचे फळ, हा समज आता सोडला पाहिजे. मोबाइलवरील गट जरूर चालावेत. पण आठ तासांच्या पाळीसाठी कामगारांची एकजूट त्याआधी उभी राहिली पाहिजे.