लाळ भाचीची, गुपित मावशीचे

वसईच्या वाडीत एखादे अनोळखी पोर कुंपणाशी दिसले की ओट्यावरची म्हातारी त्याचे नाव विचारीत नाही. ‘कुणाचा रे तू?’ असेच विचारते, आणि बापाचे नाव कानी पडताच आजोळ, सोयरीक व शेताची हद्द यांची साखळी मनाशी जुळवून मोकळी होते. ज्याला या प्रश्नाचे उत्तरच ठाऊक नाही, अशा माणसाची तळमळ क्षुल्लक मानण्याचा अधिकार आपणांपैकी कोणालाही नाही. 1973 साली पुण्यात जन्मलेले आणि जर्मनीत दत्तक गेलेले अरुण दोहले यांना आपल्या जन्माचे दस्तऐवज पाहण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत वर्षानुवर्षे झगडावे लागले.

आता न्यायालयाची पायरी न चढता नळीत थोडी लाळ घालून ती डीएनए चाचणीसाठी परदेशी कंपनीकडे धाडण्याची, आणि तेथील इतर नमुन्यांशी जुळवून नातलग शोधण्याची सोय झाली आहे. अपत्य व जन्मदाता यांत सुमारे 3,400 सेंटीमॉर्गनांचे (सामायिक डीएनए मोजण्याच्या एककाचे) साम्य आढळते, सख्ख्या चुलत-मावस भावंडांत साधारण 850 चे. आणि आपल्याकडे चाचणी करणारे मुळात थोडे असल्यामुळे शोधकाच्या हाती बहुधा लागतो तो परदेशी स्थायिक झालेला कोणी दूरचा भाऊबंद. त्यातही सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी अशा ज्या समाजांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी आपसांतच होत आल्या, तेथे एकाच पूर्वजाचा वारसा दोन-तीन वाटांनी उतरतो, आकडा फुगतो, आणि लांबचे नाते जवळचे भासते. येथील लग्नपत्रिकेतील नात्यागोत्यांनी आमचीच मती गुंग होते; यंत्राला दोष काय द्यावा?

तथापि आमची खरी हरकत गणिताच्या चुकीला नाही, त्याच्या अचूकतेला आहे. जिने पन्नास वर्षांपूर्वी लोकलज्जेस्तव, कदाचित बळजबरीनेही, पोटचे मूल दुसऱ्याच्या स्वाधीन केले आणि पुढे संसार थाटून ती गोष्ट नवऱ्यालाही कळू दिली नाही, तिने स्वतः कधी लाळ दिलेली नसते. टोरांटोत हौसेने चाचणी करणाऱ्या भाचीमुळे तिचा माग लागतो, आणि एके दुपारी घरात सून-नातवंडे असताना दाराची घंटा वाजते. 2022 च्या दत्तकविधान नियमावलीने मूळ शोधण्याचा अर्ज करण्याची मुभा ठेवली, परंतु त्या हक्काने जन्मदात्यांच्या खासगीपणाचा भंग होऊ नये, अशीही अट घातली. कंपनीच्या करारनाम्यात त्या मावशीची सही कोठेच नसते.

म्हणून शोधकाला कायमचे अंधारात ठेवावे, असे आम्ही म्हणत नाही. दत्तक देणाऱ्या संस्थांनी जुनी दफ्तरे वाळवीच्या हवाली न करता जतन करावीत, सज्ञान दत्तकाला त्यांतील त्याची स्वतःची कैफियत विनाविलंब दाखवावी, आणि आईचा ठाव लागलाच तर तिची इच्छा एकांतात विचारणारा जाणता मध्यस्थ सरकारने नेमावा. एवढी तजवीज झाली तर पुष्कळांना लाळेची वाट धरावीच लागणार नाही.

तोवर, ज्यांच्या घरी परदेशच्या आप्तांनी अशा चाचणीची डबी हौसेने पाठविली असेल, त्या वाचकांनी ती उघडण्यापूर्वी घरातील वृद्ध आत्या-मावश्यांना एकदा विचारावे. आणि त्यांपैकी कोणी नुसते ‘नको’ म्हटले, तर कारण विचारू नये.