रोबोटचा हात आणि गरिबाची झडप

हृदयाची झडप दुरुस्त करण्यासाठी छातीचे मधले हाड कापलेच पाहिजे, असे आता राहिलेले नाही. उजव्या बरगड्यांमधून एक छोटा छेद आणि दोन-चार भोके पुरतात. शल्यविशारद काही फुटांवर बसून, मोठे केलेले चित्र पाहत उपकरणे हलवतो. रोबोट स्वतः काहीच ठरवत नाही. हाताची थरथर गाळून डॉक्टरची हालचाल तेवढी आत पोचवतो. पॅरिसमध्ये ॲलेन कार्पेंटियर यांनी १९९८ साली अशी दुरुस्ती केली. २००२ मध्ये अमेरिकेने ‘दा विंची’ यंत्राला या कामासाठी मान्यता दिली. विज्ञानाची ही झेप स्वागतार्हच आहे.

पण ती कोणाच्या हृदयापर्यंत पोचते? हे यंत्र सर्वाधिक शोभते ते सैल पडून गळणाऱ्या मायट्रल झडपेला. श्रीमंत देशांतला हा प्रामुख्याने उतारवयाचा आजार! आपल्या वस्त्यांतली झडप वेगळ्याच कारणाने बिघडते. दाटीवाटीच्या खोलीत पोराचा घसा स्ट्रेप्टोकोकस जंतूने दुखतो, कोणी लक्ष देत नाही, मग सांधे सुजवणारा ताप येतो आणि शरीराची प्रतिकारशक्तीच झडपेवर उलटते. झडप जाड होते, ताठरते, चिकटते. तिची दुरुस्ती अवघड. बरेचदा ती बदलावीच लागते. कृत्रिम धातूची झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर आणि रक्ततपासणी वारंवार. बाई गरोदर राहिली तर तीच गोळी गर्भाला घातक ठरू शकते. रोजंदारी बुडवून तिने तपासणीला किती वेळा तालुक्याला जायचे?

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने स्वदेशी, स्वस्त झडप बनवून १९९० मध्ये पहिल्या रुग्णाला बसवली. सरकारी संस्था मनावर घेते तेव्हा काय होते, ते यात दिसते. महात्मा फुले योजनेतून झडपेच्या शस्त्रक्रियेला मदत मिळते, हेही खरे. पण झडप सडेपर्यंत वाट पाहायची आणि मग योजनेचे कार्ड दाखवायचे, याला आरोग्यसेवा म्हणायचे का? राज्यघटनेच्या ४७व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे.

ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले तर तो ताप उलटणे बहुतांशी टळते. औषध जुने आहे, स्वस्त आहे. कोट्यवधींचे यंत्र सरकारी रुग्णालयात जरूर आणा, आमची हरकत नाही. मात्र त्याआधी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हे इंजेक्शन बारा महिने असले पाहिजे, आणि कोणत्या मुलाची तारीख कधी आहे हे परिचारिकेच्या वहीत लिहिलेले असले पाहिजे.