माहेरवाशिणींची विचारपूस

ज्येष्ठागौरींचे आज घरोघर पूजन होत आहे. काल अनुराधा नक्षत्रावर त्या आल्या, आज ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतील आणि उद्या मूळ नक्षत्रावर परत जातील. कोठे साडी नेसविलेले उभे मुखवटे, कोठे पाणवठ्यावरून आणलेले खडे, कोकणात तेरड्याची रोपे. विदर्भात तर त्यांना महालक्ष्मीच म्हणतात. रूपे निराळी असली, तरी ही माहेरवाशीण आहे ही भावना बहुतेक ठिकाणी एकच.

आवाहनाच्या विधीत एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. कुंकवाच्या पावलांवरून गौरीला घरभर फिरविताना सुवासिनी तिला विचारतात, कशाच्या पावलांनी आलीस, येथे तुला काय दिसते? आणि उत्तरेही त्याच देतात. गौरी बोलत नाही. देवीच्या बाबतीत हे शोभून दिसते. पण रक्तामांसाच्या माहेरवाशिणीशीही आपण याच रीतीने बोलतो, हे सहसा ध्यानात येत नाही. ‘‘सारे ठीक आहे ना?’’ या प्रश्नात उत्तर अगोदरच घालून ठेवलेले असते. चार पाहुण्यांदेखत, हातात पुरणाचे ताट घेऊन उभ्या असलेल्या मुलीने त्यावर काय म्हणावे? ती ‘‘हो’’ म्हणते. एरवी आल्या आल्या स्वयंपाकघराचा ताबा घेणारी ही लेक यंदा कोपऱ्यात बसून असते, फोन वाजला की दचकून अंगणात जाते. हे आईला दिसलेले असते. पण सणासुदीला कशाला, म्हणून आई विचारीत नाही, आणि आईला घोर नको, म्हणून लेक सांगत नाही. दोघी एकमेकींना जपत असतात, आणि त्या जपण्यातच तीन दिवस सरतात.

अंगावर वळ न उठविणारा छळही छळच, हे कायद्याने मान्य केले आहे. कौटुंबिक हिंसाचारासंबंधीच्या 2005 च्या अधिनियमात अपमान, टोमणे आणि पैशाची कोंडी यांचाही समावेश आहे. मात्र तेथवर पोहोचण्यापूर्वी बाईला कोणाजवळ तरी तोंड उघडावे लागते.

बाहेरून आलेल्या लेकीकडे निदान लक्ष तरी जाते. पहाटेपासून सोळा भाज्या निवडीत बसलेली सूनही कोणाची तरी लेकच; पण सासरच्या गौरी असल्यामुळे माहेरवाशिणीच्या या सणाला तिचे माहेर तेवढे घडत नाही. ‘‘हिचे डोके काय, नेहमीच दुखते,’’ असे कौतुकाच्या सुरात सांगितलेले आम्ही ऐकले आहे. नेहमी दुखते, म्हणूनच खरे तर विचारावयास हवे!

आमच्या लहानपणी घरात एक विधवा आत्या होत्या. वाती त्यांच्या हातच्या, पुरण त्यांनी वाटलेले. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका येण्याच्या सुमारास त्या माजघरातील दिवा मालवून ‘‘जरा पाठ टेकते’’ म्हणत. दमल्या असतील, असे घरात सर्वांना वाटे. आम्हालाही वाटे. वर्षानुवर्षे त्या नेमक्या त्याच वेळी का दमतात, हा प्रश्न आमच्या मनात आला, तेव्हा त्या हयात नव्हत्या.

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे 2022 मध्ये, पतिनिधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तोच मार्ग धरण्याचे आवाहन करणारे परिपत्रक काढले. हे मोठेच काम झाले. परंतु माजघरातील दिवा आज कोणी लवकर मालविला, हे कोणत्याही ग्रामसभेला दिसणार नाही. ते घरातल्यांनाच दिसेल.

आज हळदीकुंकू आटोपेल, बायका पांगतील आणि रात्री उशिरा स्वयंपाकघरात ताटे पुसणाऱ्या दोघीतिघीच उरतील. उद्या दहीभाताचा नैवेद्य झाला की निघण्याची घाई सुरू होईल, लेकीची एस.टी. गाठावयाची असते, पिशवीत करंज्यांचा डबा ठेवावयाचा असतो. निवांत बोलावयाला आजची रात्र तेवढी आहे.