हेलपाटे कोण मोजणार?

मैत्रिणींनो,

सरकारी दवाखान्याच्या रजिस्टरात पुष्कळ रकाने असतात. किती बाया तपासल्या, किती बाळंतपणं झाली, किती गोळ्या वाटल्या. पण त्या बाईला त्यासाठी किती हेलपाटे घालावे लागले, याचा रकाना काही दिसत नाही. या अंकात मला त्या नसलेल्या रकान्याविषयीच बोलायचं आहे.

अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात निघालेली एखादी शेतमजूर बाई डोळ्यांपुढे आणा. घरचं आटपून, एस.टी. धरून ती पोचते तोवर केसपेपरची रांग लांबलेली. खिडकीतून सगळ्यांदेखत प्रश्न येतो, "काय होतंय?" मागे गावातलेच पुरुष उभे. ती म्हणते, "कंबर दुखते." आत तपासायच्या टेबलाला पडदा नाही, बाई डॉक्टरची जागा रिकामी. कंबरदुखीच्या गोळ्या मिळतात. रक्त तपासायचं तर "उद्या सकाळी या", रिपोर्ट परवा. आणखी दोन दिवसांची मजुरी बुडवणं तिला परवडत नाही. रजिस्टरात मात्र एक रुग्ण तपासला गेला!

डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमधला अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. 'बायका सांगतच नाहीत' असं म्हणणं सोपं आहे. सांगायला आपण जागा ठेवली आहे का, हा खरा प्रश्न.

हल्ली आरोग्यव्यवस्थेत 'रुग्णासाठी मूल्य' असा शब्दप्रयोग होतो. म्हणजे खर्चाच्या मानाने रुग्णाला किती बरं वाटलं. छान आहे. पण खर्च कोणाचा धरायचा? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क झाले. तरी एस.टी.चं भाडं, बुडालेली मजुरी, घरी ठेवलेलं तान्हं मूल हे सारं बाईच्याच खात्यात राहतं. आणि फळ काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात महाराष्ट्रातली दवाखान्यातली बाळंतपणं ९० वरून सुमारे ९५ टक्क्यांवर गेली. त्याच काळात रक्तपांढरी असलेल्या स्त्रियांचं प्रमाण ४८ वरून ५४ टक्क्यांवर गेलं. बाई दवाखान्याच्या दारापर्यंत पोचली. तिचं आरोग्य मात्र मागेच राहिलं.

यात नर्सताईंना धारेवर धरून काही साधणार नाही. त्याही बायकाच आहेत, आणि 'सुधारणा' आली की त्यांच्या टेबलावर आणखी एक रजिस्टर येतं. बदलायला हवी ती कामाची मांडणी. रक्त घेणं आणि रिपोर्ट देणं एकाच दिवशी, केसपेपरच्या खिडकीत आजार न विचारणं, एक पडदा, पहिल्या एस.टी.शी जुळणारी ओ.पी.डी.ची वेळ. यातल्या बऱ्याच गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. बाईच्या बाजूने विचार करायची सवय लागते.

ती सवय आपोआप लागत नाही, लावावी लागते. २००७ मध्ये पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनीच आरोग्यसेवेची प्रगतिपुस्तकं भरली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवली. गावातल्या बाईने प्रश्न विचारायचा आणि अधिकाऱ्याने उत्तर द्यायचं, हा उलटा क्रम तिथे लोकांनी पाहिला.

म्हणून माझी एक विनंती आहे. पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या दहा बायांना चार गोष्टी विचाराव्यात: हेलपाटे किती झाले, वेळ किती गेला, पदरचे पैसे किती गेले, आणि बोलता आलं का? नावं लिहू नका, आकडे लिहा. ते घेऊन आधी दवाखान्यात जा, मग ग्रामसभेत. आणि आम्हालाही कळवा. तो रकाना आपणच आखू या.

तुमची,
संपादक